जगभरच्या समकालीन कादंबऱ्या: कुणाचं कुठलं पुस्तक आधी वाचावं?

तळटीप
'परदेशी कादंबऱ्या वाचायच्या आहेत, नावं सुचवा' असं कुणी विचारलं की दहा नावं येतात. त्यातल्या आठांना नुकतंच बक्षीस मिळालेलं असतं. विचारणारा त्यातलं सगळ्यात गाजलेलं आणि बहुधा सगळ्यात जाड पुस्तक आणतो, साठाव्या पानावर थांबतो आणि 'हे आपलं काम नाही' म्हणून मोकळा होतो. बऱ्याचदा दोष पुस्तकाचा नसतो आणि वाचणाऱ्याचाही नसतो. क्रम चुकलेला असतो, किंवा त्या कादंबरीची चाल आधी कुणी सांगितलेली नसते.

म्हणून या धाग्यावर नुसती नावं नकोत. लेखकाचं पहिलं कुठलं पुस्तक घ्यावं, किती पानांचं आहे, वाचणारा कुठे अडतो आणि का, एवढं लिहा. गोष्ट सांगत बसू नका. साधारण १९९० नंतरचं चालेल. थोडं आधीचं असेल तर कारण द्या.

सुरुवात करतो.

हान कांग (कोरिया, नोबेल २०२४). पहिलं पुस्तक 'द व्हेजिटेरियन', पावणेदोनशे-दोनशे पानं, तीन भाग. पहिला भाग नवरा सांगतो, दुसरा त्याच्या साडूच्या मागे जातो, तिसरा बायकोच्या थोरल्या बहिणीच्या. अडायला होतं ते इथे: जिने मांस सोडलं ती आता बोलेल, मग बोलेल, अशी वाट आपण बघत राहतो. पहिल्या भागात तिरप्या अक्षरांत तिची स्वप्नं येतात, तेवढाच तिचा स्वतःचा आवाज. बाकी सगळं तिच्याबद्दल इतरांनी ठरवलेलं. हे ठाऊक असलं की 'नायिका कळतच नाही' ही तक्रार उरत नाही.

त्यानंतर 'ह्यूमन ॲक्ट्स'. मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरात लष्कराने केलेल्या हत्याकांडावरची. सहा प्रकरणं आणि उपसंहार. दर प्रकरणात माणूस बदलतो, दुसऱ्या प्रकरणानंतर वर्षही बदलत जातं. दुसरं प्रकरण एका मेलेल्या मुलाचा आत्मा सांगतो. पहिलं प्रकरण 'तू' अशा संबोधनात आहे आणि अनेकांना तिथेच परकं वाटतं, कारण इंग्रजी 'यू'मध्ये जवळीक कळत नाही. कोरियनमध्ये तो 'नो', म्हणजे आपला एकेरी 'तू' आहे. दोंग-हो नावाच्या पोराला कुणीतरी मायेने हाक मारून सांगतंय असं मनात धरून वाचा, प्रकरण लगेच जवळ येतं.

युन फोस्से (नॉर्वे, नोबेल २०२३). याचं 'सेप्टॉलॉजी' आधी घेऊ नका. आधी 'मॉर्निंग अँड ईव्हनिंग' घ्या. शंभरेक पानं, पहिल्या भागात योहानेस नावाच्या कोळ्याचा जन्म, दुसऱ्यात त्याचा शेवटचा दिवस. फोस्सेची वाक्यं कशी पुढे येतात, मागे जातात, तेच शब्द पुन्हा घेतात, याचा सराव इथे स्वस्तात होतो.

पेन्सिलवाला
धागा वाचनखुणेत टाकला. एक शंका. मराठी माध्यमातून आलेल्या, इंग्रजी वाचता येतं पण वेग कमी आहे अशा वाचकाला दीडशे पानांच्या आतलं काय सुचवाल? आणि 'सोपं' म्हणून रहस्यकथा सुचवू नका, कादंबरीच हवी.

जुनी प्रत
@पेन्सिलवाला, तीन सांगतो, याच क्रमाने घ्या.

क्लेअर कीगन, 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' (२०२१). सव्वाशेच्या आत पानं. आयर्लंडमधलं न्यू रॉस गाव, डिसेंबर १९८५, कोळशाचा व्यापारी बिल फर्लाँग. भाषा सोपी. मात्र पहिली वीस पानं काहीच घडत नाही असं वाटून लोक भरभर उलटतात. तीच पानं सावकाश वाचायची. कोळसा कुणाला उधार जातो, कॉन्व्हेंटचं वजन गावात किती, मुलींच्या शाळेची सूत्रं कुणाच्या हातात, हे सगळं तिथे येऊन जातं. शेवटी त्या माणसाला एक साधी गोष्ट करायला एवढं बळ का लागतं, ते त्यावरच उभं आहे. पार्श्वभूमी दोन ओळींत: 'मॅग्डलेन लाँड्री' म्हणजे कॅथलिक जोगिणींनी चालवलेली धुलाईघरं, तिथे 'वाकडं पाऊल पडलेल्या' ठरवलेल्या मुलींना कोंडून फुकट राबवत. शेवटचं १९९६ मध्ये बंद झालं, सरकारने माफी मागितली २०१३ मध्ये.

सायाका मुराता, 'कन्व्हीनियन्स स्टोअर वुमन'. जपानीत २०१६, त्याच वर्षी अकुतागावा पुरस्कार, इंग्रजी २०१८. एकशेसाठच्या आसपास पानं, म्हणजे तुमच्या मर्यादेच्या जरा पलीकडे, पण चालेल. छत्तीस वर्षांची केइको अठरा वर्षं एकाच दुकानात आहे. लोकांना वाटतं अनुवाद सपाट झालाय. नाही झालेला. ती बाई तशीच बोलते, दुकानाच्या नियमपुस्तिकेसारखी. विनोदही त्यातच आहे. हसू आलं तर दाबू नका.

योको ओगावा, 'द हाउसकीपर अँड द प्रोफेसर' (जपानीत २००३). गणिताच्या प्राध्यापकाची आठवण ऐंशी मिनिटंच टिकते. अडचणी दोन, गणित आणि बेसबॉल. गणितासाठी कागद-पेन्सिल जवळ ठेवा. २२० चे भाजक (ती संख्या सोडून) मिळवले की २८४ येतात आणि २८४ चे मिळवले की २२०. एकदा स्वतः बेरीज केली की प्राध्यापक घरकामाच्या बाईला यातून काय देतोय ते पोचतं. बेसबॉलचं इतकंच लक्षात ठेवा: एनात्सु हा हॅन्शिन टायगर्सचा खरोखरचा गोलंदाज होता आणि त्याचा क्रमांक २८. आता २८ चे भाजक मिळवून बघा: १+२+४+७+१४.

अर्धविराम
यादी चांगली आहे, पण कमी पानं म्हणजे सोपं, असा समज इथे पक्का होऊ नये. अदानिया शिबलीचं 'मायनर डिटेल' शंभर-सव्वाशे पानांचं आहे आणि या धाग्यावरच्या सगळ्यांत निसरडं आहे. दोन अर्धे. पहिला ऑगस्ट १९४९, नेगेवच्या वाळवंटातली इस्रायली तुकडी, तृतीय पुरुषी. दुसरा कित्येक दशकांनंतर, रामल्लातली एक बाई, प्रथम पुरुषी. पहिल्या अर्ध्यात अधिकारी पुन:पुन्हा अंग धुतो, कपडे बदलतो, किडा चावलेली जखम तपासतो. वाचक कंटाळून ही पानं गाळतो. गाळू नका. कुत्र्याचं भुंकणं, पेट्रोलचा वास, साबण, बारीक बारीक तपशील दुसऱ्या अर्ध्यात परत येतात, आणि भीती त्या परत येण्यात आहे. एका बैठकीत पहिला भाग, दुसऱ्या दिवशी दुसरा. मध्ये आठवडा गेला तर पुस्तक फुकट गेलं समजा.

तसंच रोबेर्तो बोलान्योचं 'बाय नाइट इन चिले'. एकशेतीसच्या आसपास पानं, आणि परिच्छेद दोनच. त्यातला दुसरा म्हणजे एक वाक्य! मरणाच्या दारात असलेला पाद्री-समीक्षक स्वतःची बाजू मांडतोय. ११ सप्टेंबर १९७३ ला चिलेत पिनोशेने सत्ता बळकावली एवढं ठाऊक हवं. आणि एक: हा माणूस जिथे पुस्तकांबद्दल लांबण लावतो, तिथे तो कशापासून तरी तोंड फिरवतोय असं समजून वाचा.

सुपारी
+१ बोलान्योला. पण '२६६६'बद्दल कुणी बोलणार आहे का? नऊशे पानं बघून घाम फुटतो.

अर्धविराम
@सुपारी, ते एक पुस्तक म्हणून वाचूच नका. बोलान्यो २००३ मध्ये गेला, '२६६६' २००४ मध्ये आलं. पाच भाग पाच स्वतंत्र पुस्तकं म्हणून निघावेत, म्हणजे मुलांच्या पोटापाण्याची सोय होईल, अशी त्याची सूचना होती. वारसांनी आणि प्रकाशकाने एकाच ठोकळ्यात काढलं. तेव्हा पाच पुस्तकं म्हणून वाचण्यात लबाडी काही नाही.

अडतात ते चौथ्या भागात. सांता तेरेसा (खरं शहर सिउदाद ह्वारेस) इथल्या बायकांच्या खुनांच्या नोंदी, पोलिसी पंचनाम्याच्या भाषेत, एकामागून एक, दोनशेहून जास्त पानं. दिवसाला वीस-पंचवीस पानांवर थांबायचं. इथे कथानक शोधलं तर हाती काही लागत नाही. प्रत्येक नोंदीतला छोटा फरक बघायचा: अंगावर कपडे कोणते होते, प्रेत कुणी ओळखलं, तपास कुठे सोडून दिला.

कंदील
क्रास्नाहोर्काईचं नाव अजून आलं नाही म्हणून लिहितो. हंगेरी, नोबेल २०२५. 'सातानटँगो' मूळ १९८५ चं, पण जॉर्ज सिर्तेशचा इंग्रजी अनुवाद २०१२ मध्ये आला, त्यामुळे आपल्यासाठी ते समकालीनच.

रचना आधी समजून घ्या. प्रकरणं बारा. आधी एक ते सहा, मग सहा ते एक असे उलटे आकडे. टँगोची सहा पावलं पुढे, सहा मागे. प्रत्येक प्रकरण म्हणजे एकच परिच्छेद, मध्ये श्वास घ्यायला ओळ सुटलेली नाही. सगळे चुकतात ते इथेच: रात्री झोप येईतो वाचायचं आणि प्रकरणाच्या मध्ये खूण घालून ठेवायची. दुसऱ्या दिवशी धागा सापडत नाही, मग चार पानं मागे, मग वैताग. एक प्रकरण एक बैठक, असंच वाचायचं. वीस-पंचवीस पानं असतात, तासाभराचं काम. वेळ नसेल तर त्या दिवशी हात लावू नका.

दुसरं म्हणजे सुरुवातीला नावांचा लोंढा येतो. फुताकी, श्मिट, हलिच, क्रानेर, इरिमियास, पेत्रिना. पहिल्या दोन प्रकरणांपुरती पुठ्ठ्यावर नावं लिहा: कोण वस्तीत राहतो, कोण बाहेरून येतोय. इरिमियास आणि पेत्रिना बाहेरचे. बाकीचे वाट बघणारे. तिसऱ्या प्रकरणातला डॉक्टर खिडकीत बसून सगळ्यांच्या नोंदी करतो, त्याच्यावर नजर ठेवा.

बेला तारचा सिनेमा (१९९४) सात तासांहून मोठा आहे. आधी पुस्तक, मग सिनेमा. उलट केलंत तर प्रत्येक वाक्याला पावसाचा आवाज येत राहील (तसा तो नाहीतरी येतोच).

पेन्सिलवाला
हे पूर्णविराम न देणारे, परिच्छेद न पाडणारे लेखक वाचकाला मुद्दाम छळतात असं नाही वाटत? फोस्सेबद्दलही तेच ऐकलंय.

तळटीप
@पेन्सिलवाला, दोघांचं कारण निराळं आहे. क्रास्नाहोर्काईच्या वाक्यात माणूस अडकलेला असतो, सुटायला वाट नसते, म्हणून वाक्यही सुटत नाही. फोस्सेचं वाक्य जपासारखं आहे. 'सेप्टॉलॉजी'चे सात भाग. प्रत्येकाच्या सुरुवातीला आस्ले नावाचा चित्रकार एकमेकांना छेदणाऱ्या दोन रेघांच्या त्याच चित्रापुढे उभा, प्रत्येकाच्या शेवटी प्रार्थना. पूर्णविराम नाहीच. हरिपाठ माहीत असलेल्याला यात परकं वाटायचं कारण नाही. तिथे आपण कथानक पुढे सरकायची वाट बघत नाही, पालुपद परत आलं की तेवढ्यात काय बदललं ते जाणवतं.

मात्र एक फसगत होते. आस्ले दोन आहेत, दोघेही चित्रकार. शिवाय ओस्लाइक नावाचा शेजारी आणि आलेस नावाची बायको. डोळे भरभर फिरले की सगळे एकच वाटू लागतात. ते थोडं अभिप्रेतही आहे, पण पहिल्या पन्नास पानांत एवढं पक्कं करा: जो सांगतोय तो दारू सोडलेला, दुसरा आस्ले ब्यॉर्गविन शहरात राहतो आणि पितो.

भोकर
आता अनुवादावर बोलू, कारण इथे सगळे 'हान कांगची भाषा' वगैरे म्हणतात आणि वाचतात इंग्रजी.

'द व्हेजिटेरियन'च्या इंग्रजी अनुवादावर कोरियात बराच वाद झाला. कोरियन वाक्यात कर्ता गाळण्याची रीत आहे, त्यामुळे काही ठिकाणी कृती भलत्याच माणसाच्या नावावर गेली. 'पल' म्हणजे हात आणि 'बल' म्हणजे पाय यांची अदलाबदल झाली. चुका सुधारता येतात. जास्त गंभीर आक्षेप शैलीवर होता: मूळ कोरडं आणि तुटक, इंग्रजी जरा नटलेलं. तेव्हा कुठे विशेषणांची गर्दी दिसली तर ती लेखिकेच्या खात्यावर घालताना हात आखडता घ्या.

'रेत समाधी' (गीतांजली श्री, २०१८) इंग्रजीतून वाचणारे मराठी लोक बघून तर आश्चर्यच वाटतं. डेझी रॉकवेलचा अनुवाद उत्तम आहे, २०२२ चं इंटरनॅशनल बुकर दोघींना मिळालं, सगळं खरं. पण लिपी आपली, भाषा शेजारची. सुरुवातीलाच भिंतीकडे तोंड करून पडलेली ऐंशी वर्षांची आई 'नहीं' म्हणत राहते आणि तो शब्द घसरत घसरत 'नयी' होतो. नकारातून नवी होणं, अख्ख्या कादंबरीची किल्ली त्या घसरणीत आहे. मराठीत 'नाही'चं 'नवी' होत नाही, इंग्रजीला तर निराळीच युक्ती करावी लागणार. हिंदीत ते नुसतं कानाने कळतं.

अडण्याची जागा: सुरुवातीचा एक-तृतीयांश हिस्सा. म्हातारी उठतच नाही. घरचे बोलतात, दारं बोलतात, लेखिका वाटेल तिथे फाटे फोडते. मोठ्याने वाचा, निदान प्रत्येक प्रकरणाचं पहिलं पान. डोळ्यांनी जड जाणारं वाक्य जिभेवर हलकं होतं. आणि पुढे वाघा सरहद्दीवर फाळणीवर लिहिणारे लेखक येऊन बसतात, तिथे मंटो, कृष्णा सोबती यांची नावं नुसती ओळखीची असली तरी भागतं.

सुपारी
मोठ्याने वाचायची युक्ती 'सातानटँगो'ला लावली तर शेजारी तक्रार करतील.

कंदील
:) वस्तीतले सगळेच तक्रारखोर आहेत, खपून जाईल.

जुनी प्रत
आफ्रिका राहिली. अब्दुलरझाक गुर्ना, जन्म झांझिबारचा, नोबेल २०२१. पहिलं पुस्तक 'पॅराडाइज' (१९९४), अडीचशे पानं. हा इंग्रजीतच लिहितो, त्यामुळे अनुवादाचा प्रश्न नाही.

बाराएक वर्षांच्या युसुफला बापाच्या कर्जापोटी अझीझ 'काका'कडे धाडतात. तो कोण आहे यासाठी स्वाहिलीत शब्द आहे 'रेहानी'. इंग्रजी वाचणाऱ्याला हा शब्द शिकावा लागतो. आपल्या जुन्या कागदपत्रांतलं 'रेहन' म्हणजे गहाण, तोच अरबी शब्द. स्वाहिलीतलं 'दुका' म्हणजे दुकान. किनाऱ्यावरचे हिंदी सावकार आणि दुकानदारही कादंबरीत वावरतात. आपल्या वाचकाला ही कादंबरी लंडनच्या वाचकापेक्षा जवळची पडायला हवी, पण आपण ती 'आफ्रिकेवरची' म्हणून बाजूला ठेवतो.

अडण्याची जागा म्हणजे मधला व्यापारी काफिल्याचा प्रवास. लांब आहे, गावं बदलतात, नजराणे द्यावे लागतात, माणसं मरतात. नकाशा काढून बसू नका. प्रत्येक मुक्कामावर जर्मनांबद्दल काय अफवा ऐकू येते तेवढं टिपा. आधी ऐकीव, मग जवळ, मग समोर. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरचा काळ आहे. कुराणातली युसुफची कथा ठाऊक असेल तर दुसऱ्या अर्ध्यात तिचा उपयोग होतो. नंतर 'आफ्टरलाइव्ह्ज' (२०२०) घ्या, काळाच्या अंगाने तिथूनच पुढे जाणारं.

तसंच दक्षिण आफ्रिकेचा डेमन गॅलगट, 'द प्रॉमिस', बुकर २०२१. निवेदक वाक्याच्या मध्येच एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात उडी मारतो, अवतरणचिन्हं नाहीत. पहिल्या तीस पानांत गोंधळ उडणं ठरलेलं आहे. 'हे कोण म्हणतंय?' म्हणून मागे जाऊ नका, दोन ओळी पुढे गेलं की कळतं. आणि अनुक्रमणिका बघू नका.

अर्धविराम
अनुक्रमणिकेबद्दल असहमत. चार भाग, चार अंत्यविधी, चार नावं. कोण जाणार हे आधी कळण्यात बिघडत काही नाही. कादंबरीचा ताण तिथे नाहीच, तो सलोमी नावाच्या मोलकरणीला कबूल केलेलं घर तिच्या नावावर कधी होणार यात आहे. उलट तारखा माहीत हव्यात. पहिला भाग १९८६, वर्णभेदी राजवटीतल्या आणीबाणीचा काळ, तेव्हा काळ्या बाईच्या नावावर ते घर कायद्यानेच होऊ शकत नव्हतं. दुसरा १९९५, रग्बी विश्वचषक. तिसरा २००४. चौथा २०१८, राष्ट्राध्यक्ष झुमाचा राजीनामा. कायद्याचं निमित्त संपल्यावरही घर मिळत नाही, तिथे कादंबरी खरी चावते.

जुनी प्रत
तारखांबद्दल मान्य. अनुक्रमणिकेवर ठाम आहे.

पेन्सिलवाला
मराठीत अनुवाद झालेलं काहीच नाही का?

भोकर
आहे की. ओरहान पामुकचं 'माय नेम इज रेड' मराठीत गणेश विसपुते यांनी आणलंय. मूळ तुर्की १९९८, पामुकला नोबेल २००६. इस्तंबूल, १५९१, सुलतानाच्या चित्रशाळेतला खून. एकोणसाठ प्रकरणं आणि प्रत्येकाच्या माथ्यावर कोण बोलतंय ते लिहिलेलं: प्रेत, कुत्रा, झाड, नाणं, खुद्द लाल रंग. मथळा न वाचता प्रकरणात शिरलं की संपलं.

खरी अडचण तीन चित्रकारांत आहे. त्यांची टोपणनावं फुलपाखरू, करकोचा, ऑलिव्ह अशी, आणि खुनी यांतलाच. खुनी वेगळ्या मथळ्याखाली निनावी बोलतो. तिघेही शैली, स्वाक्षरी, आंधळेपणा यांवर दृष्टान्त सांगतात आणि वाचक हे दृष्टान्त 'अवांतर' म्हणून ओलांडतो. ओलांडू नका. 'चित्रकाराची स्वतःची शैली असणं हा गुण की खोट' हा त्या काळचा वाद आहे, आणि खून उलगडतो तो त्याच वादातून. पोथ्यांतली लघुचित्रं कधी बघितली असतील तर फार मदत होते. युरोपी छायाप्रकाशाची चित्रं डोळ्यांपुढे ठेवलीत तर त्या काळचे चित्रकार एवढे का भेदरलेत ते कळणार नाही.

तळटीप
बक्षिसांच्या याद्यांबद्दल थोडं, कारण शेवटी सगळे तिथूनच पुस्तकं उचलतात.

इंटरनॅशनल बुकर २०१६ पासून दरवर्षी एका पुस्तकाला मिळतं. ५०,००० पौंड, लेखक आणि अनुवादक यांना निम्मे-निम्मे. त्याआधी ते दोन वर्षांतून एकदा, लेखकाच्या एकूण कामाला असे. क्रास्नाहोर्काईला २०१५ चं मिळालं ते तसं. अट अशी की पुस्तक इंग्रजीत अनुवादित आणि ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये प्रकाशित हवं. म्हणजे 'जगातलं उत्तम' याचा अर्थ लंडनपर्यंत पोचलेल्यांतलं उत्तम. कथासंग्रहही चालतो, २०२५ चं बानू मुश्ताक यांचं 'हार्ट लॅम्प' कन्नड कथांचं आहे, कादंबरी समजून मागवू नका.

याद्या वापरायची बरी रीत: विजेता सोडा, सहांची लघुयादी घ्या, प्रत्येकाची पहिली पाच पानं नमुना म्हणून मिळतात ती वाचा. आणि अनुवादकाच्या मागे जा. अँटोनिया लॉइड-जोन्स (पोलिश), डॅमियन सर्ल्स (नॉर्वेजियन, जर्मन), मेगन मॅकडॉवेल (स्पॅनिश) यांच्या नावाखाली अनोळखी लेखक दिसला तरी डोळे झाकून उघडावा.

सुपारी
लॉइड-जोन्सवरून आठवलं, तोकारचुक कुठून? 'बुक्स ऑफ जेकब' घेऊन ठेवलंय.

अर्धविराम
ठेवलेलंच राहू द्या जरा. आधी 'ड्राइव्ह युवर प्लाऊ ओव्हर द बोन्स ऑफ द डेड' (पोलिश २००९, इंग्रजी २०१८). चेक सीमेजवळचं पठार, हिवाळा, एकटी राहणारी यानिना दुशेइको आणि एकामागून एक मरणारे शिकारी. ती शेजाऱ्यांना खरी नावं वापरत नाही, स्वतः ठेवलेली टोपणनावं वापरते, आपल्या गावात ठेवतात तशी. इंग्रज कवी ब्लेकच्या धर्तीवर मोठ्या पहिल्या अक्षराने शब्द लिहिते. देवनागरीत कॅपिटल नाही, तेव्हा मराठी अनुवादकाने इथे काय करावं हा गमतीचा प्रश्न आहे. जाड ठसा? मला तरी ते ओरडल्यासारखं वाटेल. ज्योतिषाची पानं कंटाळवाणी म्हणून गाळतात. ती बाई ग्रहांवरून जे ठरवते त्याचा पुढे हिशेब लागतो, गाळू नका.

मग 'फ्लाइट्स'. ११६ तुकडे, काही एका ओळीचे, काही तीस पानांचे. मूळ शीर्षक 'बिएगुनी', म्हणजे सतत चालत राहिलं तरच सैतानापासून सुटका असं मानणारा पंथ. इंग्रजी शीर्षकाने विमानतळ पुढे आला आणि हा पंथ मागे पडला. तुकड्यांत दुवा शोधू नका, पण परत येणारी माणसं ओळखा: बेटावर बायको-मूल हरवलेला कुनिट्स्की पुन्हा येतो. संगीतकार शोपँचं हृदय बहिणीने वॉर्साला नेलं तो तुकडा आणि स्वतःच्या कापलेल्या पायाचा अभ्यास करणारा शरीरशास्त्रज्ञ फेरहेयेन, हे दोन शेजारी ठेवून बघा. किरण नगरकरांचं 'सात सक्कं त्रेचाळीस' ज्यांना पचलं त्यांना 'फ्लाइट्स'ची भीती नाही.

'बुक्स ऑफ जेकब' तिसरं. अठराव्या शतकातला ज्यू पंथप्रमुख याकोब फ्रँक आणि त्याचे अनुयायी. पृष्ठक्रमांक उलटे, मोठ्या आकड्याकडून एककडे, हिब्रू पुस्तकांना मान देऊन. छापील प्रतच घ्या. पानांऐवजी टक्के दाखवणाऱ्या यंत्रावर ही गंमत कळणारच नाही. बाप्तिस्म्यानंतर माणसांची नावं बदलतात, ती मात्र लिहून ठेवा. तिथे बहुतेकांची दमछाक होते.

कंदील
एर्पेनबेकचं 'कायरोस' (जर्मन २०२१, इंटरनॅशनल बुकर २०२४) कुणी घेणार असेल तर त्याआधी चार तारखा: १९८६ ला गोष्ट सुरू, ९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत उघडली, १ जुलै १९९० ला पूर्व जर्मनीत पश्चिम जर्मनीचं चलन आलं, ३ ऑक्टोबर १९९० ला एकीकरण. एकोणीस वर्षांची कातारिना, चौतीस वर्षांनी मोठा हान्स. पूर्वार्ध प्रेमकथा म्हणून वाचून खूश झालेले लोक उत्तरार्धात, हान्स कॅसेटवर आरोप भरून पाठवू लागतो तिथे, पुस्तक मिटतात. एकरकमी वाचू नये हे मान्य, पण सोडायचं असेल तर भिंत पडल्यानंतर सोडा. दुकानांतला माल बदलतो, रस्त्यांची नावं बदलतात, माणसांची नोकरी एका महिन्यात जाते, ती पानं या विषयावर दुसरीकडे सहज मिळत नाहीत.

पेन्सिलवाला
कीगन मागवलं. 'सेप्टॉलॉजी' मात्र दुकानाच्या साइटवर तीन वेगळ्या नावांनी दिसतंय, कुठलं आधी?

तळटीप
'दि अदर नेम' (भाग १-२), मग 'आय इज अनदर' (३-५), मग 'अ न्यू नेम' (६-७). तिन्ही एकत्र असलेला एक खंडही मिळतो. हातात धरून वाचायचं तर सुटे घ्या, एकत्र खंड मनगटाला जड पडतो आणि वाक्य संपत नसल्याने खाली ठेवायला सबबही मिळत नाही.